मुंगूस हा शब्द सीलबंद झाला तेव्हा

पिंजऱ्याशिवाय प्राणी राहू शकतो, पाटीशिवाय राहू शकत नाही. जंगलात हे कळत नाही, कारण जंगलात प्रेक्षक नसतात. पण प्राणिसंग्रहालयात एखाद्या पिंजऱ्यावर पाटी नसेल, तर आत साक्षात सिंह डरकाळ्या फोडत असला तरी लोक "इथे काही नाही वाटतं" म्हणून पुढे जातात. आणि पाटी असेल, तर आत नुसतं गवत असलं तरी "झोपला असेल बिचारा मागच्या खोलीत" अशी त्या न दिसणाऱ्या प्राण्याची बाजू घेत अर्धा अर्धा तास उभे राहतात.

हे सत्य ज्यांच्या रक्तात भिनलं होतं, ते गृहस्थ शहराच्या प्राणिसंग्रहालयात नामफलक अधिकारी होते. हुद्दा उच्चारायला जड, म्हणून सगळे त्यांना पाटीसाहेब म्हणत. (समोर पाटीसाहेब. पाठीमागे नुसतं पाटी.) त्यांच्या खोलीत रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास कायम भरलेला असे. भिंतीला टेकून जुन्या पाट्यांची चळत उभी होती. त्यांत मेलेल्या प्राण्यांच्या पाट्या डावीकडे आणि बदली झालेल्या प्राण्यांच्या उजवीकडे, अशी शिस्त होती. खिडकीतून लहान प्राण्यांची रांग दिसे.

पाटीसाहेबांचा पाटीवरचा विश्वास कचेरीपुरता नव्हता. घरातल्या डब्यांवरही त्यांनी सुबक अक्षरात नावं चिकटवली होती. एकदा साखर संपली आणि बायकोने घाईघाईत त्या डब्यात मीठ भरलं. पाटीसाहेबांनी कित्येक दिवस खारट चहा प्यायला, पण डब्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही. शेवटी बायकोनेच कबुली दिली. तेव्हा ते म्हणाले, "डब्यावर साखर लिहिलंय ना? मग चूक माझ्या जिभेची."

असा माणूस वरिष्ठांच्या नजरेत भरला नाही तरच नवल. म्हणून ते परिपत्रक आलं, तेव्हा ते पाटीसाहेबांकडेच येणार हे ठरलेलं होतं. परिपत्रक थोडक्यात असं होतं: प्राण्यांची जी नावे परकीय भाषांतून आली आहेत, ती तत्काळ काढून टाकून त्या जागी शुद्ध स्वभाषेतील नावे लावावीत. सदर कार्यवाहीत प्राण्यांना इजा होणार नाही याची दक्षता घ्यावी.

पाटीसाहेबांनी बाह्या सरसावल्या. जिराफ हा शब्द आपल्याकडे उंटावर बसून आला की जहाजात बसून, याची चौकशी करत बसण्यात त्यांनी वेळ दवडला नाही. त्याची मान लांब आहे हे उघड्या डोळ्यांनी दिसत होतं, म्हणून तो 'उन्नतग्रीव' झाला. झेब्रा 'पट्टाश्व' झाला. गोरिला 'महामर्कट' झाला आणि त्याच दिवशी त्याने जेवण फेकून दिलं. (जेवणात किडे होते, असं नंतर निष्पन्न झालं. पण लोक उगाच नावाशी संबंध जोडतात.) कांगारूसाठी 'उदरकोशधारी उत्प्लवक' असं नाव मुक्रर झालं. ती पाटी पिंजऱ्याच्या दारापेक्षा लांब निघाली आणि ठोकल्यावर दार उघडेना, म्हणून कांगारूला काही काळ भिंतीवरून चारा टाकावा लागला.

हे शब्द कुणी बोलत नाही, अशी एक शंका कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी काढली. पाटीसाहेबांचं उत्तर बिनतोड होतं. जो शब्द कुणाच्या तोंडातच नाही, तो उष्टा कसा होईल? शुद्धतेची याहून मोठी हमी कोणती?

निकालही चांगला लागला. एक कुटुंब जिराफाच्या सावलीत उभं राहून पहारेकऱ्याला विचारत होतं, "जिराफ कुठे आहे हो?" पहारेकऱ्याने नव्या आदेशानुसार सांगितलं, "आमच्याकडे जिराफ नाही." वरून उन्नतग्रीव त्यांच्याकडे बघत होता. कुटुंब हिरमुसून निघून गेलं आणि जाताना जिराफ पळून गेल्याची तक्रार करून गेलं. चौकशी झाली. जिराफ जागेवर नाही आणि उन्नतग्रीव जागेवर आहे, अशा दोन्ही नोंदी बरोबर असल्याने प्रकरण बंद करण्यात आलं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मुंगूस आडवं आलं.

मुंगसाचा पिंजरा लहान प्राण्यांच्या रांगेत अगदी शेवटी, उपाहारगृहाच्या मागच्या दाराशी होता. पाहणीनुसार सरासरी प्रेक्षक वाघाकडे पोटभर, माकडाकडे मनभर आणि मुंगसाकडे पाऊण नजर बघत असे. ती पाऊण नजरही चहाची रांग पुढे सरकेपर्यंत कुठेतरी बघायचं म्हणून. पाटीसाहेबांनी या पाटीला हात लावलाच नव्हता. मुंगूस म्हणजे मुंगूस! आपल्या आईने आपल्याला दाखवलेलं. त्यात काय शुद्ध करायचं?

पण रविवारी मुलाचा फोन आला.

पाटीसाहेबांचा एकुलता एक मुलगा परदेशात नोकरीला होता. त्याचं नाव चार अक्षरी, त्यात एक जोडाक्षर. त्या नावासाठी पाटीसाहेब आणि त्यांची बायको मूल पोटात असल्यापासून भांडले होते आणि मूल झाल्यावर त्याच्या पाळण्यापाशी तह झाला होता. तिकडे गेल्यावर त्या चारातली अडीच अक्षरं उरली. "बाबा, इथे माझं नाव कुणाला जमतच नाही," असं त्याने पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा पाटीसाहेब म्हणाले होते, "अरे, शिकव की त्यांना." आता मुलगा फोन उचलताना स्वतःच ती अडीच अक्षरं बोलायचा, मग ओशाळून म्हणायचा, "सॉरी बाबा, सवय झालीय." पाटीसाहेब म्हणायचे, "चालतं रे." फोन ठेवल्यावर ते जरा वेळ खिडकीशी जाऊन उभे राहायचे.

त्या रविवारी मुलगा खुशीत होता. "बाबा, काल इथल्या झूमध्ये गेलो होतो. तुमची आठवण आली. पाट्या बघत बसलो नुसता. आणि गंमत म्हणजे, इथे मुंगसालाही मॉन्गूसच म्हणतात!"

पाटीसाहेबांच्या हातातला कप बशीवर टेकला. "मॉन्गूस? इंग्रजीत?"

"हो. डिक्शनरीत आहे."

"म्हणजे आपण इतकी वर्षं इंग्रजी बोलतोय?"

"असेल बाबा, काय माहीत."

त्यांना जेवण गेलं नाही. संग्रहालयातल्या सगळ्या पाट्या शुद्ध करणाऱ्या माणसाच्या नाकासमोर, उपाहारगृहाच्या दाराशी, एक उघडा परकीय शब्द निर्लज्जपणे उभा होता.

"अहो, मुंगूस कधीपासून इंग्रजी झालं?" बायको पोळी वाढता वाढता म्हणाली.

"डिक्शनरीत आहे."

"डिक्शनरीत तर 'बंगला'सुद्धा आहे. म्हणून काय तो त्यांनी बांधून दिला?"

मुद्दा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी शब्दशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना कचेरीत बोलावलं. प्राध्यापक विद्वान होते आणि विद्वानांप्रमाणेच बिस्किटांची बशी समोर आल्याशिवाय मत देत नसत. बशी आली. प्राध्यापक म्हणाले, "काळजी करू नका. तुम्ही इंग्रजी बोलत नाही, इंग्रजच तुमची भाषा बोलतात. हा शब्द आपल्याकडून त्यांच्याकडे गेला, असंच बहुतेक विद्वान मानतात."

"आपल्याकडून?"

"जहाजं आली, व्यापारी आले, त्यांनी हा प्राणी बघितला. इथल्या माणसाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, मुंगूस. झालं, शब्द जहाजात चढला. मग प्रत्येकाने आपापल्या तोंडाच्या मापाने बेतून घेतला. फ्रेंचांनी शेवटी एक 'त' लावून माँगूस्त केलं. इटालियनांनी त्याचं मांगूस्ता केलं. रशियापर्यंत मांगूस्त पोचला. जर्मनांनी शेवटचा 'स'च कापला, ते नुसतं मुंगो म्हणतात."

"आणि इंग्रजांनी?"

"त्यांच्या भाषेत गूस म्हणजे हंस. कानाला गूस ऐकू आलं, तेव्हा त्यांना वाटलं, यात कुठेतरी हंस असणार. म्हणून शेवटचं स्पेलिंग हंसाचं केलं."

पाटीसाहेबांनी खिडकीतून मुंगसाकडे बारकाईने पाहिलं. हंस आढळला नाही.

त्यांना आधी हायसं वाटलं, मग अभिमान वाटला आणि मग, बिस्किटं संपता संपता, संताप आला. आपला शब्द! विचारायचं नाही, सांगायचं नाही, घेऊन जायचं, शेपूट कापायची, हंस चिकटवायचा!

"म्हणजे ही सरळसरळ चोरी आहे," ते म्हणाले.

"भाषेत तिला उसनवारी म्हणतात."

"उसनं परत करतात, सर. यांनी केलं?"

प्राध्यापक म्हणाले, "शब्दाचं काय आहे, त्याने नेला तरी आपल्याकडचा कमी होत नाही." पण पाटीसाहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते तडक संचालकांच्या खोलीत गेले.

संचालकांचं एक धोरण होतं. खोलीतून शेवटी जो बाहेर पडेल, त्याचं मत ते त्यांचं मत. त्या दिवशी पाटीसाहेब शेवटी बाहेर पडले. त्यामुळे संध्याकाळपर्यंत 'मुंगूस परत आणा' ही प्राणिसंग्रहालयाची अधिकृत भूमिका झाली. इंग्रजी भाषेला रीतसर पत्र पाठवायचं ठरलं. ती भाषा नेमकी कुठे राहते, तिचं मुख्य कार्यालय कोणतं, हे कुणालाच सांगता येईना. एकाने सुचवलं की ती आपल्याच शहरात जास्त दिसते, शाळांच्या पाट्यांवर बघा. ही सूचना विषयाला सोडून असल्यामुळे वगळण्यात आली.

पत्राचा मसुदा पाटीसाहेबांनी घरी बसून लिहिला आणि बायकोला वाचून दाखवला. ती भाजी निवडत ऐकत होती.

"...आम्ही लहानपणापासून जपलेला, स्वच्छ उच्चार शिकवून मोठा केलेला, तुमच्या हवाली झाला. तुम्ही त्याचा उच्चार बिघडवलात, त्याला अर्धामुर्धा केलंत, आणि आता तो आमच्यासमोर आला तर आमचाच आम्हाला ओळखू येईना..."

बायकोचा हात थांबला. "हे मुंगसाबद्दल लिहिलंय?"

"मग कुणाबद्दल?"

"काही नाही." तिने देठं बाजूला केली. "चांगलं लिहिलंय. पण पाठवू नका."

पत्र गेलंच नाही, पण त्याला कारण दुसरं घडलं. शब्द आपलाच असल्याचा दाखला पत्राला जोडायचा होता, म्हणून प्राध्यापकांना पुन्हा बोलावण्यात आलं, या वेळी संचालकांच्या खोलीत. बिस्किटं आली. प्राध्यापक म्हणाले, "दाखला देतो. शब्द आपला आहेच. फक्त..."

"फक्त काय?"

"शेजारच्या भाषेतही हाच शब्द आहे. शेवटी एक वेलांटी जास्त, एवढंच. तिच्या पलीकडच्या शेजारणीकडेही आहे. आता तिघींत कुणी कुणाकडून घेतला, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता यायचं नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल, तर आपणच नेलेला दिसतो. वाटीभर साखर नेतात ना, तसा."

"न विचारता?"

"विचारल्याचा पुरावा सापडलेला नाही."

पाटीसाहेबांचा आवाज खाली आला. "म्हणजे आपणही चोरी केली?"

"छे! आपल्या बाबतीत तिला देवाणघेवाण म्हणतात."

संचालक हादरले. उद्या इंग्रजीने शब्द परत केला आणि परवा शेजारीण दारात उभी राहिली तर? आणि एकदा परत करायची वेळ आली, तर ते मुंगसावरच थांबेल याची काय खात्री? त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. (खुर्ची हा शब्द कुठून आला, हे प्राध्यापक सांगू लागले होते, पण त्यांना थांबवण्यात आलं.) मग आदेश निघाला: मालकी हक्काचा निर्णय होईपर्यंत 'मुंगूस' हा शब्द वादग्रस्त मालमत्ता समजून सीलबंद ठेवावा. तो कोणीही लिहू नये, बोलू नये आणि शक्यतो मनात आणू नये. अंमलबजावणीची जबाबदारी पाटीसाहेबांवर.

पाटी खाली उतरली. तिला कापडात गुंडाळून लाखेचा शिक्का मारला आणि ती पाटीसाहेबांच्या कपाटावर चढली.

खरा प्रश्न मावशींपुढे उभा राहिला. मावशी लहान प्राण्यांच्या रखवालदार. धिप्पाड बाई, खणखणीत आवाज, आणि नियमाला अशा पक्क्या की वाघाच्या पिंजऱ्यावर 'आत जाऊ नये' लिहिलेलं नसतं तर त्या गेल्या असत्या.

"साहेब, मग मी ह्याला हाक काय मारायची?"

"काहीच नाही. थोडे दिवस."

"आणि खाणं? कोठीवाला म्हणतो, नाव सांगा तर अंडी देतो. नाव नसलेल्या प्राण्याला खाणं द्यायची सोय नाही म्हणतो."

"मी बघतो."

"बघा. मला काय. मी माझ्या नवऱ्याचं नाव आजवर तोंडातून काढलेलं नाही, पण म्हणून त्यांचं जेवण कधी बंद केलं नाही."

मावशी मुंगसाला "अहो" म्हणू लागल्या. "अहो, इकडे या. अहो, एवढं खाऊन घ्या." स्वतःच्या डब्यातलं अर्धं अंडं, कधी मासळीचा तुकडा त्या जाळीतून आत सरकवत. पण अर्ध्या अंड्यावर कुणाचं भागतं? शिवाय पाटी गेल्यापासून पिंजरा रिकामा आहे, अशी लोकांची समजूत झाली. चहा घेऊन येणारे कागदी कप आणि वेष्टणं निःशंकपणे आत टाकू लागले. कोपऱ्यात एका चुरगळलेल्या पिशवीवर मुंगूस बसलेलं असे. एका माणसाने त्याला प्रत्यक्ष पाहिलं आणि तक्रार केली की तुमच्या कचरापेटीत काहीतरी शिरलंय.

पाटीसाहेब हे सगळं खिडकीतून बघत. मुंगूस वाळत चाललं होतं. शेपटीवरचे केस विरळ झाले होते. त्यांनी कोठीला तोंडी सांगून पाहिलं, "अरे, तो रांगेतला शेवटचा प्राणी." कोठीवाल्याने आदराने विचारलं, "कोण साहेब?" पाटीसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दुपारचा डबा त्यांच्याही घशाखाली उतरेना. पण आदेश त्यांनीच लावला होता, आणि आदेशाला पोट नसतं.

मग एका दुपारी पाटीसाहेबांच्या खोलीत नाग निघाला.

तो संग्रहालयाचा नव्हता. संग्रहालयाचा नाग काचेमागे, पाटीसकट, आपल्या जागी वेटोळं घालून होता. हा कुठून तरी बाहेरून आलेला, बिनपाटीचा. मेलेल्या प्राण्यांच्या पाट्यांमागे काहीतरी सळसळलं. पाटीसाहेबांनी एक पाटी बाजूला केली आणि समोर फणा उभा राहिला. पुढच्या क्षणी पाटीसाहेब टेबलावर होते. या वयात आपण तिथे कसे चढलो, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. नाग टेबल आणि दार यांच्यामध्ये डोलत होता.

"मावशी!" ते खिडकीकडे ओरडले. "मावशी, धावा!"

खिडकीत मावशींचा चेहरा आला. त्यांनी आत पाहिलं. "अगंबाई. नाग."

"तो आणा! लवकर आणा!"

"कोण तो?"

"तो हो! तुमचा!"

"माझे तर घरी आहेत साहेब. आणि त्यांना सापाची भीती वाटते."

नाग टेबलाच्या पायाशी आला. पाटीसाहेबांनी डोक्यातले सगळे शुद्ध शब्द चाचपले. "सर्पवैरी... नकुल! नकुलाला आणा!"

"नकुल कोण? नवा शिपाई?"

नागाने फूत्कार टाकला. डोळ्यांपुढे बायको आली, मुलगा आला, चार अक्षरांसकट. आणि मग घशातून जो शब्द बाहेर पडला, तो परिपत्रकातला नव्हता, डिक्शनरीतला नव्हता, कपाटावरच्या लाखेखालचाही नव्हता. पाच-सहा वर्षांच्या पोराला अंगणात आईने बोट करून दाखवला होता, तसाच्या तसा तो आला.

"मुंगूस! मावशी, मुंगूस आणा, मुंगूस!"

मावशी हलल्या नाहीत. "साहेब, तो शब्द सीलबंद आहे ना?"

"आहे!"

"मग मला ऐकू आला नाही असं धरू, का लेखी देताय?"

"देतो! सगळं देतो! आणा आधी!"

मावशींनी मुंगसाला पदराखाली धरून आणलं आणि खिडकीतून आत सोडलं. "अहो, बघा तरी जरा," त्या म्हणाल्या. मुंगूस इतकं अशक्त झालं होतं की जमिनीवर टेकताना त्याचे पाय फाकले. पण नाग दिसताच त्याच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला आणि ते होतं त्याच्या दुप्पट झालं. त्याला त्या क्षणी आपलं नाव काय आहे, ते कुणाचं आहे, ते कुठून आलं, याची काडीचीही फिकीर नव्हती. नागालाही नव्हती. त्याने फणा मिटला, भिंतीकडेने सरपटत मोरीच्या भोकातून तो निघून गेला. झटापट झालीच नाही. मुंगूस पाटीसाहेबांच्या उघड्या डब्याकडे वळलं आणि त्यातलं सगळं खाऊन तिथेच झोपलं.

पाटीसाहेब टेबलावरून उतरले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माफ कर बाबा," ते पुटपुटले. मावशी खिडकीतून बाजूला झाल्या.

पण माणूस हळवा झाला तरी कार्यपद्धती हळवी होत नाही. सीलबंद शब्दाचा अनधिकृत वापर, तोही चढत्या आवाजात, ही गंभीर बाब होती आणि तिची दखल घेण्याचा अधिकार पाटीसाहेबांचाच होता. त्यांनी स्वतःला खुलासा विचारला. स्वतःचा खुलासा त्यांनी सविस्तर लिहिला, नीट वाचला आणि असमाधानकारक ठरवला. मग ते कागद घेऊन संचालकांसमोर उभे राहिले. "साहेब, मला शिक्षा करा. पण त्या प्राण्याला आजपासून खायला घाला. नाव काहीही ठेवा."

योगायोगाने त्याच सुमारास नवं परिपत्रक आलं होतं. आता संग्रहालय जागतिक दर्जाचं करायचं होतं आणि पाट्या जगाला कळतील अशा हव्या होत्या. संचालकांचा चेहरा उजळला. "अहो, सुटला की प्रश्न! आपला शब्द वापरला तर शेजारीण भांडणार. इंग्रजी वापरला तर कोण भांडणार? आपण त्यांच्याकडून घेतलाय, उजळ माथ्याने, सगळ्यांदेखत!" त्यांनी नवी पाटी स्वतः सुचवली: 'मॉन्गूज'. शेवटचा 'स' त्यांनी 'ज' केला. 'ज'ने जरा भारदस्त वाटतं, असं त्यांचं मत होतं. (शेवटी खोलीतून कोण बाहेर पडलं होतं, याची नोंद नाही.)

मुंगूस उपाहारगृहाच्या मागून उठलं आणि मुख्य दाराशी आलं. काचेचं घर, आत पाऊलभर वाळू, कृत्रिम खडक, उबेसाठी दिवा. खाणं वेळेवर आणि दोन प्रकारचं. ते गुबगुबीत झालं. मावशी अजूनही त्याला "अहो" म्हणत. त्यांना विचारलं तर म्हणत, "पाट्या बदलत राहतात. कशाला पुन्हा सवय मोडा?"

उद्घाटनाला पाटीसाहेबांचा मुलगा सुट्टीवर आलेला होता. संचालकांनी त्याचा हात हातात घेतला. "हेच का चिरंजीव? नाव काय?"

मुलाने वडिलांकडे पाहिलं. पाटीसाहेबांनी जराही न अडखळता ती अडीच अक्षरं सांगितली. बरोबर तिकडच्या उच्चारात, जीभ वळवून.

"वा!" संचालक म्हणाले. "भारदस्त आहे."

पाटीसाहेबांची बायको मागे उभी होती. थोड्या वेळाने, फोटो काढून झाल्यावर, तिने सगळ्या गर्दीसमोर मुलाला पूर्ण चार अक्षरांनी हाक मारली, जोडाक्षरासकट. मुलाला वळायला जरासा वेळ लागला. पण तो वळला.

हल्ली मॉन्गूजसाठी वेगळं तिकीट आहे आणि सुट्टीच्या दिवशी रांग फाटकाबाहेर, फुटपाथवर, पार वळणापर्यंत जाते. गेल्या रविवारी त्या रांगेच्या बाजूला, कुंपणाच्या भोकातून एक मुंगूस बाहेर आलं, मागे त्याची दोन पिल्लं. तिघं रांगेतल्या लोकांच्या पायांमधून, न घाबरता, ओळीने पलीकडच्या झुडपात गेली. तुम्ही रांगेत मध्यावर होता. त्यांतलं एक पिल्लू तुमच्या चपलेवरून गेलं. तुम्ही पाय झटकलात, मुलीला जवळ ओढलंत, "ई, हात नको लावू, घाण असतं ते," म्हणालात आणि पुढच्या माणसाला विचारलंत, "मॉन्गूजची रांग हीच ना?"